वर्षाच्या स्कार्फची गाठ

वर्षाला मी शेवटचं शुद्धीवर पाहिलं, तेव्हा मी तिला रागावत होते. सकाळची वेळ होती. कंपनीची बस फाट्यावर यायची झालेली, माझा डबा अजून भरायचा होता, आणि ही बाई खाटेवर डोकं उघडं टाकून बसलेली. कानांतला कापूस उशीवर पडलेला. मी म्हटलं, "काय गं हे? वारं जाईल कानात, आणि मग आयुष्यभर डोकं धरून बसशील." तिनं वर पाहिलं. "ताई, बांधलं की जास्तच ठणकायलंय हो..." मी तिचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. लोकरीचा चॉकलेटी स्कार्फ उचलला, दोन्ही कानांवरून ओढून घेतला आणि हनुवटीखाली अशी करकचून गाठ मारली, की तिला ती सोडता येऊ नये. एक मारली, तिच्यावर आणखी एक मारली आणि पर्स घेऊन निघाले. दारातून मागे वळून पाहिलं होतं का, ते कितीही आठवलं तरी आठवत नाही.

वर्षा माझी भावजय. पण भावजय होण्याआधी ती माझ्या लाईनवरची मुलगी होती. चाकणच्या ज्या कंपनीत मी लाईन लीडर आहे, तिथं गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायचं काम चालतं. सगळ्या बायकाच. लातूरकडच्या एका खेड्यातून ही आली ती पहिल्याच आठवड्यात लक्षात राहिली, कारण वायरींची रंगांवरून तिनं बारशीच केली. हिरवी ती मेथी, पिवळी ती हळद, तपकिरी म्हणजे गूळ. "ताई, मेथी संपली!" असं ती ओरडली, की सगळी लाईन हसायची आणि मला मात्र तोंड वाकडं करून उभं राहावं लागायचं. डब्यात कायम धपाटे. माझ्या शिस्तीची सगळ्यांना धास्ती, हिला काडीची नाही. पुढे आमच्या संदीपशी तिचं लग्न मीच जुळवलं, आणि घरातही मी सूचना सोडायला लागले की ती हात जोडायची, "ताई, घरात तरी हूटर वाजवू नका की!"

आमच्याकडे एक नियम आहे. जुडग्यात काही वेगळं वाटलं, नुसती शंका आली, तरी लाल टॅग लावायचा आणि काम थांबवायचं. चूक निघाली नाही तरी कुणी बोलत नाही. वर्षाच्या हातून असे टॅग सगळ्यांत जास्त लागायचे, आणि एका सकाळच्या मीटिंगमध्ये मी तिला सगळ्यांसमोर उभं करून म्हटलं होतं, शंका आली की हात थांबला पाहिजे, हिच्याकडून शिका. हे सांगताना मला माझाही अभिमान वाटला होता. पण त्याच लाईनवर मी आणखीही काही शिकले होते. "मॅडम, डोकं दुखतंय" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की ते मला ऐकूच येईनासं झालं होतं. लवकर घरी जायचंय, ओव्हरटाइम टाळायचाय, गावाची एसटी गाठायचीय... सगळ्याला एकच दुखणं, डोकं. वर्षानं मात्र ते कारण कधी सांगितलं नव्हतं. निदान हे तरी मला आठवायला हवं होतं.

दिवस गेले तेव्हा सगळं ठीक होतं. शेवटच्या महिन्यात पाय सुजले, बोटातली अंगठी निघेना, आणि डॉक्टरीणबाईंनी बीपी वाढलंय म्हणून गोळ्या दिल्या. बाळंतपण सुखरूप झालं. मुलगी झाली. दवाखान्यातून निघताना बाईंनी मला उद्देशून सांगितलं होतं, की गोळ्या बंद करू नका, आठवड्याभरात बीपी दाखवायला आणा, आणि डोकं खूप दुखलं, डोळ्यांसमोर काही चमकलं, तर वाट पाहू नका. मी मान डोलावली. हे सगळं मी नीट ऐकलेलं आहे. कापूस वर्षाच्या कानांत घालायचा होता, माझ्या नव्हता.

वर्षाची आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे बाळंतपण सासरी. मी मोशीचं माझं घर नवऱ्यावर सोडून माहेरी मुक्काम ठोकला. आमचं माहेर चाकणजवळच्या खेड्यात. शेतावर आता भाड्याच्या खोल्या आहेत, पण बाळंतिणीची खोली अजून आईच्या हुकमतीत चालते. खिडक्या बंद, खाटेखाली शेगडी, ओव्याची धुरी, शेपा, डिंकाचे लाडू, आणि सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही. आठवडा झाला तेव्हा संदीप म्हणाला, बीपी दाखवून आणू का. आई म्हणाली, "ओली बाळंतीण गाडीवर न्हेतोस व्हय? बाळ भाईर आलं, आता कसलं बीपी न् फीपी! आमी न्हाई कदी दावलं." आणि मी, बारावी शिकलेली, चाळीस बायकांची लाईन चालवणारी, म्हणाले, आईचं बरोबर आहे. गोळ्याही मीच थांबवल्या. दुधातून बाळाला उतरतील असं वाटलं. विचारलं कुणालाच नाही, नुसतं वाटलं.

बारसं झालं. सई हे नाव वर्षानंच आधीपासून ठरवून ठेवलेलं. त्या दिवशी ती हिरव्या साडीत फार गोड दिसत होती, फक्त चेहरा सुजल्यासारखा वाटत होता, आणि आल्यागेल्या बायका म्हणाल्या, अंग धरलंय पोरीनं, छान मानवलंय बाळंतपण. मला ते माझंच कौतुक वाटलं. संध्याकाळी तिनं पहिल्यांदा म्हटलं, "ताई, डोस्कं लई दुखायलंय." मी म्हटलं, दगदग झाली, झोप. दुसऱ्या दिवशीही तेच. आईनं निदान करून टाकलं, बारशाला डोकं उघडं होतं, वारं बाधलं. मग कापूस आला, स्कार्फ आला, कपाळाला सुंठ उगाळून लावणं आलं. वर्षा सुंठ लावलेल्या कपाळानं माझ्याकडं बघून म्हणाली, "डोळ्यापुढं काजवे चमकायलेत. एकदा दवाखान्यात दाखवायचं का?" विचारताना ती कचरत होती. मला हूटर म्हणून चिडवणारी पोरगी माझ्यासमोर अशी परवानगी मागत होती, आणि मी म्हटलं, "काही होत नाही गं. बाळंतपणात सगळ्यांचंच दुखतं." माझंही दुखलं होतं का? आठवत नाही. बहुधा नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गाठ मारून मी कामावर गेले, आणि दुपारी गेटवरचा सिक्युरिटीवाला लाईनवर मला शोधत आला. फोन आम्हांला लॉकरमध्ये ठेवावे लागतात. काढून पाहिला तर आईचे कॉलच कॉल. सईला पाजता पाजता वर्षाचा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, आणि "ताईंना बोलवा" एवढं काहीतरी अडखळत म्हणून ती कलंडली. बाळाला शेजारणीनं वरच्यावर झेललं. शेजाऱ्यांच्या गाडीतून तिला चाकणला आणलं, तिथून मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. मी ॲम्ब्युलन्समध्ये तिच्या पायाशी बसले. संदीपचा फोनही त्याच्या कंपनीत लॉकरमध्येच होता. शिफ्ट सुटायची वेळ, बसच्या रांगा, आणि मोशीत माझ्या स्वतःच्या बिल्डिंगखाली आमची गाडी भोंगा वाजवत अडकून उभी राहिली. वर्षा घोरल्यासारखा श्वास घेत होती. स्कार्फ तसाच होता. मला तो सोडायचंही सुचलं नाही.

पिंपरीच्या त्या दवाखान्यात तरुण डॉक्टरनं मला विचारलं, "डोकं दुखत होतं का? कधीपासून?" समोर आई उभी होती, नुकताच धापा टाकत आलेला संदीप उभा होता. मी म्हणाले, "आजच. सकाळपासून थोडंसं."

खोटं बोलले मी. बाई मरणाच्या दारात पडलेली असताना मला माझी अब्रू आठवली. पुढे एकटीनं जाऊन खरं सांगितलं, तेव्हा त्याच डॉक्टरनं समजावलं, की बीपी फार चढून मेंदूत रक्तस्राव झाला होता, आणि माझ्या उत्तरानं त्या घडीच्या उपचारात फरक पडला नसता. फरक आधी पडला असता, म्हणाला. गरोदरपणातलं बीपी बाळ झालं की संपतं असं नाही, नंतरच्या काही आठवड्यांत ते उलट जास्त चढू शकतं, आणि असं डोकं दुखणं ही त्याचीच खूण असते. हे मला नवीन नव्हतंच. डॉक्टरीणबाईंनी सोप्या मराठीत सांगितलं होतं. वर्षा आयसीयूतून परत आली नाही.

दहाव्याला नदीवरून आल्यावर बायका घरात बसल्या. कुणीतरी सुरुवात केली, "हल्लीच्या पोरी ऐकतात कुठं? डोकं उघडं टाकायची म्हनं." दुसरी म्हणाली, "वाऱ्यानं घेतलं बघा पोरीला. सांगनारी मानसं हुती, पन ऐकायला पायजे ना." सगळ्यांनी माझ्याकडं कीव करून पाहिलं. एवढं केलं बिचारीनं, असं. मी सईला मांडीवर थोपटत होते. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, की तिनं सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नाही. मी थोपटत राहिले. ज्या मुलीनं शंका आली की हात थांबवला, तिला मेल्यावर हट्टी ठरवून टाकलं, आणि ते मी होऊ दिलं. डॉक्टरासमोर घाबरले होते असं तरी म्हणता येईल. इथं कसली भीती होती?

परवा लाईनवर एक मुलगी म्हणाली, मॅडम, डोकं दुखतंय. मी तिथल्या तिथं काम सोडून तिला दवाखान्यात नेलं. काही नव्हतं, जागरण होतं. "मॅडम, तुम्ही किती काळजी घेता," ती म्हणाली, तेव्हा मला तिच्याकडं बघवेना.

हा लेख छापायला पाठवायच्या आधी मी संदीपला सगळं सांगितलं. गोळ्यांचं, काजव्यांचं, डॉक्टरला दिलेल्या उत्तराचं. तो दुसऱ्या शिफ्टला निघाला होता. हातातले बूट त्यानं पायात चढवले. रागावेल, निदान ओरडेल असं वाटलं होतं... त्यानं सईला उचलून माझ्या मांडीवर दिलं, आणि दाराशी जाऊन एवढंच म्हणाला, "तिनं मला पण सांगितलं होतं, ताई. मी म्हटलं, ताईला विचार."

दवाखान्यानं वर्षाच्या वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत दिल्या होत्या. जोडवी, मंगळसूत्र, कापून काढलेल्या बांगड्या आणि तो स्कार्फ. आईला तो जाळून टाकायचा होता. मी दिला नाही, माझ्या कपाटात ठेवलाय. नर्सला तो सुटला नाही, म्हणून तिनं कानापाशी कात्री लावलेली दिसते. लोकर तिथं उसवत चाललीय. हनुवटीखालची गाठ मात्र जशीच्या तशी आहे, एकावर एक, घट्ट. सई मोठी होईल तेव्हा गावात कुणीतरी तिला सांगेलच, की तुझी आई कुणाचं ऐकायची नाही. त्या आधी मी तिला कपाट उघडून हे दाखवणार आहे. तुझ्या आईनं मला सांगितलं होतं, बाळा, की बांधलं की जास्त दुखतंय. ही गाठ त्यानंतर मी मारली.