कडू दाण्याचा डाव

शालन गेल्याचा फोन दवाखान्यातून पोरानं केला, तेव्हा मी अंगणात ज्वारी वाळत घालत होतो. मूठ तशीच राहिली. माझी बायको गेली आणि मला आधी रडू आलं नाही, भीती वाटली... कारण चार दिवसांमागं डॉक्टरनं तिला विचारलं होतं, "मावशी, बुरशी आलेले शेंगदाणे खायचा का तुम्ही?"

शालन खाटेवरून म्हणाली, "खायची की! टाकायचं कशाला? भाजलं की बुरशी मरती."

"बुरशी मरते, विष राहतं," डॉक्टर म्हणाला. लिव्हर त्यानंच गेलं असंही तो सांगेना, आणि नाही असंही म्हणेना.

शालन जेऊरकडची. शेंगांची चटणी करावी तर तिनं. पोत्याला ओल लागली तरी तिचं काही अडायचं नाही. दुपारी सूप घेऊन दारात बसायची, शेजारी आमची नात गौरी. चांगले दाणे सुपात, काळे-सुरकुतलेले स्वतःच्या तोंडात. मी ओरडायचो, "थुक की, कडू हाय ते!" तर म्हणायची, "तुमच्या बोलण्यापरीस गोड हाय, अवो."

शालनचे दिवस झाल्यावर माझी पुतणी आली. शेतकी कॉलेजात ती बुरशीचंच शिकते. त्याच पोत्यातले दाणे तिनं काचेच्या ताटलीत ओल्या कागदावर मांडले आणि झाकून ठेवले. काही दिवसांत एकावर काळी बुरशी उठली, एकावर पांढरी, आणि बाकीच्यांवर पोपटी भुकटी. असल्या रंगाचं लुगडं शालनला लई आवडायचं.

"काका, काळीपेक्षा ह्या पोपटीला भ्यायचं," पुतणी म्हणाली. "विष हीच धरती. ह्या दाण्यांत धरलंय का, ते नुसतं बघून कळत न्हाय."

मी गौरीला जवळ घेऊन विचारलं, "तू पण खायचीस का गं ते काळे दाणे?"

"आज्जी मला चांगलेच द्यायची," ती म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात हसून म्हणाली, "पण आमी डाव खेळायचो की! कडू दाणा चावायचा, जिचं तोंड आदी वाकडं हुईल ती हरली."

"जिंकायचं कोण?"

"मीच! आज्जी लगीच वाकडं करायची."

जन्मभर कडू दाणे खाऊन जिचं तोंड कधी वाकडं झालं नाही, ती नातीपुढं हरायची...

गौरीचं रक्त तपासलं. चांगलं निघालं. डॉक्टर म्हणाला, घाबरू नका. पोतं मी खड्ड्यात पुरलं. तरी पोरीनं पोट दुखतंय म्हटलं की मी आधी तिचे डोळे पिवळे झालेत का ते तपासतो. आता नवे दाणे आणतो, एकेक उजेडात धरून बघतो, मगच तिच्या हातावर ठेवतो.

परवा तिनं त्यातलाच एक माझ्या तोंडात घातला. "आबा, आता तुमी खेळा." दाणा चांगला गोड होता. मी चावला, तरी माझं तोंड वाकडं झालं, आणि गौरी टाळ्या पिटत ओरडली, "हरला! आबा हरला!"