खाडीत रुतलेली जीप

भूगोलात एम.ए. झाल्यावर मला खाडीकाठच्या पावणे गावातल्या एका छोट्या ऑफिसात नोकरी लागली. उत्तर ध्रुवाच्या अलीकडच्या थंड प्रदेशाचे, विमानातून काढलेले फोटो आमच्याकडे यायचे. दोन फोटो शेजारी ठेवून भिंगातून पाहिले की जमीन उठून दिसायची. तिथे रस्ते नव्हते. गाडी कुठून जाईल, ते मी नकाशावर रंगवायचे: हिरवं म्हणजे जा, पिवळं म्हणजे जपून, लाल म्हणजे रुतणार. बर्फ मी फ्रीजरमध्येच पाहिला होता.

एकदा थंडीत तिकडचे एक वयस्कर सर्वेक्षक काम पाहायला आले. जेवणानंतर आमच्या साहेबांना त्यांना खाडी दाखवायची हौस आली. नवी सिल्कची साडी नेसून मीही जीपमध्ये मागे बसले. बांध संपला. पुढे सपाट, भेगाळलेली जमीन.

"काय मॅडम, जाईल ना गाडी?" साहेबांनी विचारलं.

"हो सर, कोरडं आहे. हिरवं!"

साहेबांनी हसून गाडी पुढे घातली. थोडं पुढे जाताच वरचा पापुद्रा फुटला आणि मागची चाकं काळ्या चिखलात बसली.

सगळे उतरले. मी उठायला लागले, तर साहेब म्हणाले, "तू बस गं, साडीची वाट लागेल." आणि मी बसले. पाहुण्यांनी बूट काढले, पँट दुमडली आणि ते मागून गाडी ढकलायला लागले. मागच्या काचेपलीकडे त्यांचा लालबुंद चेहरा अगदी माझ्यासमोर होता. चिखल उडून त्यांच्या कपाळावर बसला. उतरावंसं फार वाटत होतं. पण आता उतरले तर मघाशी का नाही, या विचाराने मी आणखीच अंग चोरून बसले.

तेवढ्यात मासे घेऊन शिरवणे गावाकडे परतणारे दोघे थांबले. एक ओरडला, "आरं, बाईला उतरवा ना आदी! कोन हाय ती, देवी?"

सगळे हसले. पाहुण्यांना भाषा येत नव्हती, पण हसण्याचं कारण त्यांनाही कळलं. मी उतरले ती थेट गुडघाभर चिखलात. त्या दोघांनी हात लावला आणि जीप निघाली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. नकाशावरचा माझा एक हिरवा पट्टा दाखवून हळूच इंग्रजीत म्हणाले, "इथे मीही एकदा रुतलो होतो. वरून कोरडंच दिसतं."

ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. मी भिंगावरून डोळे उचललेच नाहीत, आणि भिंगातलं काही दिसतही नव्हतं.