हुकूम पाळणारे सर

पांढुर्ण्याच्या शाळेत मी गणित शिकवतो आणि शेजारच्या वर्गात हे सर इंग्रजी. सौंसरहून रोज बसनं येतात. वर्गात बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. त्यांच्या खुर्चीवर पोरांची दप्तरं असतात. दर दोन वाक्यांनी ते विचारतात, "समजून राहिलं ना?" आणि उत्तरासाठी खरोखर थांबतात.

वाक्यांचे प्रकार शिकवताना आज्ञार्थी वाक्य आलं, की त्यांचा एक नियम असतो. पोरांनी इंग्रजीत हुकूम द्यायचा आणि सरांनी तो पाळायचा. यंदा त्यांनी आठ वेळा खिडकी उघडली, एका पायावर उभे राहिले, व्हरांड्यात धावले. मला काही ते बरं दिसेना.

"सर, पोट्टे तुमच्यावर हुकूम चालवून राहिले," मी म्हणालो.

"चालवू द्या ना. घरी यांचं कोण ऐकते?"

दुसऱ्या दिवशी त्यांचा वर्ग एकदम शांत झाला, म्हणून मी दारात जाऊन पाहिलं. तिगावहून येणाऱ्या एका मुलीची हुकूम द्यायची पाळी होती. जूनपासून तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. ती नुसतीच उभी होती. सर खडू धरून थांबले. पोरं हसायला लागली, तरी थांबले.

"सर, सिट डाउन," ती हळूच म्हणाली.

सरांनी खुर्चीवरची दप्तरं एकेक करून खाली ठेवली आणि ते बसले.

ती मात्र उभीच होती. तिला अजून बोलायचं होतं.