इकाम्यासकट बॉलर

परकारभाई गेल्याची बातमी मला मुनाफनं दिली. मी सौदीतल्या यान्बूच्या आमच्या हॉस्पिटलच्या वर्कशॉपमध्ये सलाईन सोडायच्या एका इन्फ्युजन पंपाचं पोट उघडून बसलो होतो. मुनाफ आमचा एसी टेक्निशियन. तो आला, नेहमीसारखं सलाम-दुआ काही केलं नाही, सरळ कोपऱ्यातल्या फळीपाशी गेला आणि वर ठेवलेला लंबगोल चेंडू काढून मांडीवर घेऊन बसला. मी विचारलं, "काय रे, काय झालं?" तो म्हणाला, "गावावरून फोन होता, साहेब. चाचा गेले. पहाटे फजरच्या नमाजाला उठले, हातपाय धुऊन वजू केला आणि ओट्यावर बसले ते बसलेच."  पंप तसाच उघडा राहिला... त्याला आता काही आठवडे झाले. तरी इथल्या आमच्या मंडळींत एकही शुक्रवार त्यांच्या नावाशिवाय जात नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

हसन परकार हे दाभोळच्या खाडीकाठचे. यान्बूच्या रिफायनऱ्यांत शटडाऊनची, म्हणजे प्लांट बंद ठेवून करायच्या दुरुस्तीची, कामं घेणाऱ्या एका कंत्राटदार कंपनीत ते स्टोअर सांभाळायचे. मी सांगलीचा, हॉस्पिटलमधल्या यंत्रांचा इंजिनिअर. आमची गाठ पडली ती क्रिकेटमुळे. समुद्राकडच्या खडीच्या मैदानावर दर शुक्रवारी फजरनंतर सामने सुरू व्हायचे आणि जुम्म्याच्या, म्हणजे दुपारच्या, नमाजाआधी संपायचे. आठ-दहा टीम, कडक टेनिस बॉल, आणि जिंकणाऱ्याला हाताएवढा कप. मी हॉस्पिटलच्या टीमचा कप्तान होतो, परकारभाई 'किनारा' टीमचे. स्वतः ते कधीच धड खेळले नाहीत. पोट सुटलेलं, गुडघे दुखरे, स्लिपमध्ये उभे राहून बोलायचं काम तेवढं मनापासून करायचे. पण टीम बांधण्याचा नाद असा, की त्यापायी बायकोचे फोन कट करायचे.

या नादाला खतपाणी घातलं ते रसेलसाहेबांनी. हा त्यांच्या साइटवरचा ऑस्ट्रेलियन शटडाऊन मॅनेजर. त्याच्या देशात एक वेगळाच फुटबॉल खेळतात, लंबगोल मैदानावर, लंबगोल चेंडूनं, आणि गोलाला चार-चार खांब. परकारभाईंना खेळ काही कळला नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. त्यांना भुरळ पडली ती ऑक्टोबरात तिकडे चालणाऱ्या बाजाराची. मोसम संपला की तिथले क्लब आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करतात, आणि नव्या पोरांना निवडायची पाळी लागते. जो क्लब शेवटचा आला त्याची पाळी पहिली. या पाळीला म्हणायचं 'पिक'. आणि गंमत अशी, की हा पिकसुद्धा देता-घेता येतो. आज तुझा खेळाडू मला दे, मी माझी पुढच्या वर्षीची पाळी तुला देतो. रसेल चहाच्या सुट्टीत आपल्या क्लबानं कोण दिला, कोण घेतला याचे हिशेब मांडायचा आणि परकारभाई लग्नाच्या बोलणीला बसल्यासारखे कान टवकारून ऐकायचे. "इंजिनिअर," मला एकदा म्हणाले, "आपल्याकडं शेवटच्याला कोण इचारतो? तितं त्याला पयला मान देतात. डोकं हाय त्या लोकांना."

त्या ऑक्टोबरपासून आमच्याकडेही ड्राफ्ट, म्हणजे पाळीपाळीनं खेळाडू निवडायची ही बैठक, सुरू झाला. रसेल सुट्टीवरून येताना त्यांच्यासाठी तो चेंडू घेऊन आला होता. परकारभाई तो मांडीवर घेऊन मध्ये बसत आणि ज्याची पाळी असेल त्याच्या हातात देत. पहिली काही वर्षं नुसती धमाल होती. मल्याळी बॅट्समनच्या बदल्यात हैदराबादी विकेटकीपर आणि वर पुढच्या वर्षीचा दुसरा पिक, असली भाषा मेसच्या टेबलावर चालायची. बिर्याणी गार होई आणि सौदा गरम. पण रसेलनं सांगितलेला एक नियम परकारभाईंनी सगळ्यांत वर ठेवला होता. तिकडे करारातल्या खेळाडूला त्याच्या होकाराशिवाय दुसऱ्या क्लबात पाठवता येत नाही. मग इथंही तसंच. सौदा ठरला की चेंडू त्या खेळाडूच्या हातात द्यायचा आणि सगळ्यांसमोर विचारायचं, "जाशील काय रे?" तो हो म्हणाला तरच खलास, म्हणजे सौदा पक्का. आता ज्या गावात माणसाला साधी नोकरी बदलायची तर कफीलची, म्हणजे ज्याच्या नावावर तो इथं राहतो त्या मालकाची, मर्जी लागायची, तिथं हा प्रश्न विचारला जाणं ही लहान गोष्ट नव्हती. पहिल्या वर्षी एक पेंटर चेंडू हातात घेऊन गप्पच उभा राहिला. मागून त्यानं सांगितलं, मला असं कुणी विचारलंच नव्हतं कधी, काय बोलायचं ते सुचेना.

मुनाफ हा परकारभाईंच्या वाडीतलाच. त्यांनीच व्हिसा करून त्याला आणलं होतं, त्यांच्याच कंपनीत. डावखुरा, उंच, आणि बॉल असा आत आणायचा की माझे निम्मे बॅट्समन शुक्रवारी सकाळी आजारी पडायचे. त्या वर्षी किनाराचा कप पक्का होता. परकारभाईंना आयुष्यात कप मिळाला नव्हता आणि त्याचं दुःख ते लपवतही नसत. कप ठेवायची जागासुद्धा त्यांनी खोलीत रिकामी करून ठेवली होती. नेमकं तेव्हाच सौदीकरणाचं नवं गणित आलं. ज्या कंपनीत सौदी माणसं पुरेशी ती हिरवी, कमी ती पिवळी, फारच कमी ती लाल. लाल कंपनीतल्या परदेशी माणसाचा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, पुढे वाढायचा नाही. संपला की घर. परकारभाईंची कंपनी लाल झाली. एवढी एक सोय होती, की लाल कंपनीतल्या माणसाला मालकाच्या मर्जीशिवाय हिरव्या कंपनीत जाता येई. पण तशी जागा मिळायला हवी, आणि इकामा संपायच्या आत.

माझं हॉस्पिटल हिरवं होतं आणि मला एसी टेक्निशियन हवाच होता. परकारभाईंना ते ठाऊक होतं. दुसरा कुणी असता तर "साहेब, आमच्या पोराला लावून घ्या" म्हणाला असता, आणि मी लावून घेतलंही असतं. परकारभाई आले ते थेट सौदा घेऊनच. समोर बसले, चहाला नाही म्हणाले आणि बोलले, "मुनाफ देतो. इकाम्यासकट घ्या. मला तुमचा पुढल्या सालचा पयला पिक द्या." मी म्हटलं, अहो, पिक कशाला, मला माणूस हवाच आहे, पाठवा त्याला. तर माझ्यावरच उखडले. "असं नाय. फुकट गेला तर जनमभर म्हणत राहील, मला वाचवला. पिक देऊन घेतला तर त्याला कळंल, आपल्याला मागणी हाय." मी पिक दिला. परकारभाईंनी आयुष्यात कुणाचे उपकार घेतले नाहीत आणि कुणाला उपकाराखाली ठेवलंही नाही. त्या लंबगोल खेळानं त्यांच्या या खोडीला एक रीतसर भाषा मिळवून दिली होती, एवढंच. त्यांना स्वतःला मात्र जागा नव्हती. स्टोअरची कामं सौदी मुलांना द्यायची असं ठरत चाललं होतं आणि त्या वयाच्या स्टोअरकीपरला कोण घेणार? ते त्यांनी एकदाही बोलून दाखवलं नाही.

शुक्रवारी सामन्यानंतर सगळे जमले. परकारभाईंनी चेंडू मुनाफच्या हातात दिला. "हॉस्पिटलात जाशील काय रे?"

मुनाफ म्हणाला, "नाय जाणार."

कुणीतरी हसलं. परकारभाईंनी पुन्हा विचारलं. मुनाफनं चेंडू परत केला. "चाचा, तुमी आणलं मला. तुमी हाव तोवर मी हितंच. पयले तुमी जावा, मग मी." आणि तो पाण्याचा कॅन उचलून गाडीत जाऊन बसला. आता आली का पंचाईत! नियम यांचाच. सगळ्यांसमोर केलेला, सगळ्यांवर लादलेला. पोराचा इकामा संपत आलेला, आणि पोरगा निष्ठेचा झेंडा घेऊन उभा. मी म्हटलं, चार चौघांना घेऊन समजावू या. परकारभाई म्हणाले, "दबाव टाकून घेतलेला होकार काय कामाचा?"

पुढच्या शुक्रवारी किनाराची टीम उतरली तर मुनाफ बारावा गडी. सगळ्या मैदानाला वाटलं त्याला ताप आहे. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तेच. भर मोसमात इथला सगळ्यांत चांगला बॉलर टॉवेल खांद्यावर टाकून पाणी पाजतो आहे आणि परकारभाई मेसमधल्या एका तेलकट पोराकडून नवा बॉल टाकून घेत आहेत! किनारा हरली, पुन्हा हरली, मग हरतच राहिली. त्यांच्या टीमनं त्यांच्याशी बोलणं सोडलं. ज्या माणसानं कपासाठी जागा रिकामी करून ठेवली होती, तोच कप हातानं ढकलून देत होता. स्लिपमध्ये त्यांची बडबडही थांबली होती. मुनाफ एक दिवस टॉवेल त्यांच्या पायाशी टाकून माझ्याकडे आला. डोळे लाल. "साहेब, मला घ्या तुमच्या टीममदी." मी परकारभाईंना हाक मारली. त्यांनी चेंडू आणला, रीतसर विचारलं, आणि मुनाफ त्यांच्याकडे न बघता "हो" म्हणाला. यल्ला, झालं, खलास. रविवारी मी त्याची बदली हॉस्पिटलच्या नावावर टाकली, आणि इकामा संपायच्या आत ती झाली.

कप आम्ही जिंकलो. किनारा तळाला गेली. मुनाफ त्या मोसमात चाचांशी एक शब्द बोलला नाही. उन्हाळ्यात परकारभाईंना एक्झिट, म्हणजे कायमचं घरी जायचा शिक्का, लागली. जायच्या दिवशी चेंडू माझ्या वर्कशॉपच्या फळीवर ठेवून गेले. "घरी नेला तर नातवंडं फाडून टाकतील," म्हणाले. विमानतळावर मुनाफ आला होता, त्यानं सामान उचललं, ट्रॉलीवर चढवलं, आणि तिथंही दोघं विमान वेळेवर आहे का यावरच बोलले.

ऑक्टोबरात ड्राफ्ट झाला तेव्हा किनाराच्या पोरांनी त्यांना दाभोळला फोन लावला. शेवटची आलेली टीम, त्यामुळे पहिला पिक त्यांचा. शिवाय माझ्याकडून घेतलेला पिक होताच, पण मी कप जिंकल्यानं माझी पाळी सगळ्यांत शेवटी गेली होती आणि तो पिक कवडीमोल झाला होता. सगळ्यांना वाटलं आता हे नव्यानं आलेल्या पंजाबी ओपनरला उचलणार. फोनमधून खाडीवरच्या वाऱ्यासकट आवाज आला, "इंजिनिअर, माझा पयला पिक घ्या, तुमचा तो शेवटचापण परत घ्या. मुनाफ द्या."  मेसमध्ये मग एकेकाच्या डोक्यात उजेड पडत गेला. मुनाफ दिला, मुनाफ घेतला. शेवटी येऊन जो पहिला मान मिळाला तो त्यातच खर्च. हिशेब शून्य. फक्त मधल्या मध्ये पोराचा इकामा हिरवा झाला होता. असा सौदा त्या रसेलच्या देशातही कुणी केला नसेल, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. मी हो म्हटलं. चेंडू मुनाफच्या हातात गेला. फोनमधून प्रश्न आला, "येशील काय रे?" मुनाफनं मान खाली घातली आणि म्हणाला, "येतो, चाचा." नोकरी माझ्याकडे आणि बॉलिंग किनाराकडे, असं तेव्हापासून चालू आहे. आता तर तोच त्यांचा कप्तान आहे.

त्यानंतर दर शुक्रवारी त्यांचा फोन यायचा. स्कोअर विचारायचे, आंब्याचा मोहोर सांगायचे, माझ्या हाताखालचा सौदी इंजिनिअर कितपत तयार झाला याची चौकशी करायचे. गेल्या काही महिन्यांत मात्र एक गोष्ट त्यांना टोचायला लागली होती. एकदा मध्येच म्हणाले, "इंजिनिअर, पोरानं तवा मनापास्ना हो म्हटलं व्हतं काय हो? का मी रागाला चढवून वदवून घेतलं? नियम माझाच, आन मीच मोडला काय?" मी म्हटलं, विचारतो त्याला. "नको. इचारलंत तर त्याला वाटंल, म्हातारा आभार मागतोय." मी विचारलं नाही. ते बोलणं तिथंच राहिलं.

बातमी आली त्या दिवशी, चेंडू मांडीवर घेऊन बसलेल्या मुनाफला मी हे सांगितलं. तो बराच वेळ चेंडूच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "साहेब, चाचांनी मला कदी पाण्याचा ग्लाससुदा उचलू दिला नाय. माझ्या हातात टॉवेल दिला तवाच समजलो, ह्येंना मला बाहेर काढायचा हाय. पयला शुक्रवार मला राग आला, खरं सांगतो. दुसऱ्या शुक्रवारी ते हरताना त्यांचं तोंड बघितलं... ते माझ्यापरीस जास्त रडवेले झाले व्हते. टीम हरत होती, कप जात होता, तरी मला बॉल देत नव्हते. मग म्या इचार केला, आता आपण हट्ट धरला तर ह्यो माणूस सगळं घालवंल. म्हणून आलो तुमच्याकडं. टॉवेल टाकला तो नुसता दाखवायला. हो मनापास्नाच म्हटलं." मी विचारलं, "मग त्यांना का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं, मी आभार मानतोय."

दोघं एकाच वाडीतले, एकाच मातीचे. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला आणि रडूही आलं. एक वाक्य, तेवढंच हवं होतं त्या म्हाताऱ्याला.

परवा ड्राफ्ट झाला. हॉस्पिटलचा कप्तान आता मी नाही, माझा तो सौदी इंजिनिअर आहे. माझी खुर्चीही लवकरच त्याची होईल आणि ती तो नीट सांभाळेल. त्यानं किनाराचा एक नवा बॉलर मागितला, पूर्वेकडच्या अबकैकहून बदलून आलेला वेल्डर. बदल्यात पुढच्या वर्षीचा पहिला पिक. सौदा चांगला होता. मुनाफनं फळीवरून आणलेला चेंडू त्या वेल्डरच्या हातात दिला आणि त्याच्यासमोर उकिडवा बसला. "जायेगा क्या?" त्यानं हिंदीत विचारलं. एवढंच विचारायची रीत आहे. पण मुनाफ तिथं थांबला नाही. "दिल से बोल," तो म्हणाला. "गुस्से से नहीं, हमारे लिए नहीं. जितना टाइम चाहिए, ले."

जुम्म्याची वेळ होत आली होती. वेल्डर चेंडू उलटसुलट करून बघत होता, आणि आम्ही सगळे त्याच्यासाठी थांबलो होतो.