भेवमिस्त्रीची बुटकी मोटार

मोटारीखाली शिरायच्या आधी भेवमिस्त्री आपल्या चपला काढून रस्त्याच्या बाजूला ठेवत. खाली माणूस आहे हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून. त्याआधी जॅक लावलेला असे, जॅकशेजारी विटा रचलेल्या असत, विटांवर सागाचा ओंडका असे, आणि एवढं झाल्यावर ते मोटारीला खांदा लावून गदागदा हलवून बघत. तरी समाधान नाही. मग जवळ जो कोणी उभा असेल त्याला म्हणत, "भाऊ, तुम्हीबी एकडाव हालवून पाहा. मले भेव लागते."

भेव म्हणजे भीती. हे वाक्य त्यांच्या तोंडी दिवसातून दहादा येई, म्हणून ढाणकीनं त्यांचं खरं नाव बाजूला ठेवलं आणि त्यांना भेवमिस्त्री करून टाकलं. ते चिडत नसत. त्यांना विहिरीच्या काठाचं भेव होतं, मोकाट वळूचं होतं, विजेचं होतं, पेट्रोलचं तर इतकं की बिडी ओढायला ते रस्ता ओलांडून पलीकडच्या कडुनिंबाखाली जात. मोटार दुरुस्त झाली तरी "झाली" असं कधी म्हणत नसत. म्हणत, "सध्या त् बरी दिसून राह्यली." गावातली रिकामटेकडी माणसं त्यांची नक्कल करून हसत. मीही हसले आहे. पुढं माझ्यावर वेळ आली तेव्हा मात्र मला भिणाराच माणूस हवासा वाटला.

मी सत्तावन्न साली लग्न होऊन ढाणकीत आले. माहेर केळापूरकडचं, म्हणजे त्या काळात परदेशच. सासऱ्यांना मी मामाजी म्हणे. त्यांची कापसाची दलाली होती आणि दारात एक जुनी विलायती मोटार होती, महायुद्धाच्या आधीची. नाल्यांतलं पाणी आत शिरू नये म्हणून मामाजींनी तिच्या चाकांच्या आसावर लाकडी ठोकळे घालून ती उंच करून घेतली होती. मागं सरकीची पोती लादता यावीत म्हणून कमानींत, म्हणजे मोटारीचं अंग तोलून धरणाऱ्या त्या पोलादी पट्ट्यांच्या जुडग्यांत, जादा पट्ट्याही घातल्या होत्या. त्यामुळे ती उंटासारखी उभी असे आणि उंटासारखीच चाले. बायकांना तर वर चढायला कोणाचा तरी खांदा धरावा लागे.

माझं पहिलं बाळ त्या मोटारीत गेलं. सहावा महिना होता. उमरखेडच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून परत येत होतो. वाटेतल्या मोठ्या नाल्याच्या उतारावर मोटार एका बाजूला कलली, दाणकन आदळली, आणि मी बैठकीवरून फेकली गेले ती पुढच्या दांडीवर. घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मुलगा होता असं सुईण कोणाला तरी हळूच सांगत होती, ते मी ऐकलं.

पुन्हा दिवस गेले तेव्हा मला आनंद झाला नाही. खरं सांगते, नुसती भीती वाटली. उंबरठा ओलांडतानासुद्धा मी भिंत धरत असे. डॉक्टरीणबाई त्या सुमारास एका लग्नाला ढाणकीत आल्या होत्या, त्यांनी घरी येऊन तपासलं आणि मामाजींना बजावलं, "सातवा संपत आला की हिला उमरखेडला आणून ठेवा, बाळंतपण घरी होणार नाही. आणि त्या मोटारीत आणाल तर आणूच नका." बैलगाडीचे आणि बसचे धक्के तर त्याहून वाईट. मामाजी दोन दिवस ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी भेवमिस्त्रींना बोलावणं धाडलं.

मिस्त्री आले, मोटारीभोवती फिरले, आणि मग थेट माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "बाई, त्या दिवशी धक्का खालून आलता का बाजूनं?"

त्या अपघाताबद्दल मला तोवर कोणी काही विचारलंच नव्हतं. सासूबाई रडल्या होत्या, मामाजी गप्प झाले होते, आमचे हे माझ्या नजरेला नजर देत नव्हते. मी म्हणाले, "आधी बाजूला गेले. मग खालून बसला."

"मंग दुखनी दोन हायेत," मिस्त्री म्हणाले. "उंची आन् कडकपना. नुसती खाली घेतली त् कडक राह्यते, खालून बसन. लय नरम केली त् नाल्यात पोट घासन. मले दोन्हीचं भेव लागते." मग खाली वाकून त्यांनी मोटारीचं पोट हातानं चाचपलं आणि म्हणाले, "करतो."

चाकांसाठी ते नांदेडच्या कबाडी बाजारात गेले. बरोबर आमचे हे होते, तिथली हकीकत त्यांनीच सांगितली. एका दुकानात चकचकीत टोप्या लावलेली देखणी चाकं होती. यांना ती फार आवडली. मिस्त्रींनी टायरवर अंगठा दाबला आणि मान हलवली. "हे बारीक हायेत. हवा गच्च भरा लागते. गोटा आला का धक्का सरळ मनक्यात." मग ढिगाऱ्यातून त्यांनी लष्करी गाडीची चार बुटकी, जाडजूड चाकं काढली. गंजलेली, कुरूप, पण टायर रुंद आणि भरदार. "याच्यात हवा कमी ठेवता येते. गोटा टायरच खाऊन घेईन." आमच्या आसावर ती बसेनात, म्हणून लोहाराकडं बसून नवी भोकं पाडून घेतली. मामाजींनी ती चाकं पाहून कपाळाला हात लावला. "अरे, हे मोटारीचे चाकं हायेत का तेलाचे बुधले?" मिस्त्री म्हणाले, "काकाजी, दिसाले वाईट हायेत. पन मले याहीचं भेव कमी लागते."

मग ठोकळे निघाले. एकेका कमानीतून दोन-दोन पट्ट्या निघाल्या. कमान खालून आपटू नये म्हणून जुन्या टायरचे तुकडे कापून मध्ये बसवले गेले. मोटारीचं पोट जमिनीपासून किती वर राहतं ते मिस्त्री हातानं मोजत. एक वीत आणि चार बोटं, याच्याखाली त्यांनी ते येऊ दिलं नाही. रोज एखादं बोट कमी, एखादं बोट जास्त, असं पंधरा दिवस चाललं होतं.

परीक्षा घ्यायची त्यांची रीत निराळी होती. गाडी हे चालवत आणि मिस्त्री मागच्या बैठकीवर, जिथं मी झोपून जाणार होते तिथं, स्वतः आडवे होत. डोळे मिटून, दोन्ही हात पोटावर धरून. वेशीपर्यंत जाऊन परत. वाटेत जिथं धक्का बसेल तिथं ते "लागलं!" म्हणून ओरडत आणि हे गाडी थांबवत. उतरून मिस्त्री थोडी हवा कमी करत किंवा पट्टी बदलत, आणि पुन्हा आडवे. एक मिशाळ माणूस पोट सांभाळत मोटारीत पडलाय हे पाहून वेशीवरच्या लोकांची हसून मुरकुंडी वळे. मला ओट्यावर बसल्या बसल्या रडू येई.

त्याच बैठकीवरून एक गोष्ट झाली, ती लिहिताना अजून हात अडखळतो. छप्पनच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन मिस्त्री बौद्ध झाले होते. त्याआधी ते मामाजींना 'मालक' म्हणत आणि अंगणाबाहेर उभे राहत. नागपूरहून आले ते 'काकाजी' म्हणू लागले आणि पायरीपर्यंत येऊ लागले. मामाजींनी ते चालवून घेतलं. सासूबाईंनी नाही. चाचणी संपल्यावर त्या बादली घेऊन आल्या आणि मिस्त्रींच्या देखत त्यांनी बैठक धुऊन काढली, वर गोमूत्र शिंपडलं. यांनी मान फिरवली. मी पदराशी चाळा करत बसून राहिले. मिस्त्री हात पुसत उभे होते. एवढंच म्हणाले, "काकाजी, गादी चांगली वाळू द्या. वल्ल्या गादीवरून बाई घसरतीन."

नंतर आमच्या यांनी ओशाळून काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. मिस्त्रींनी त्यांना थांबवलं. "त्याचं भेव मी नागपूरले सोडून आलो, भाऊ. बाकीचं राह्यलं हाये."

शेवटी मोटारीत वजन घालून पाहायचं होतं. मिस्त्रींनी विचारलं, "किती जन जानार?" मामाजी म्हणाले, "चालवनारा, सून आन् तिची सासू." मिस्त्रींनी ज्वारीची तीन पोती मापानं भरली. सासूबाईंचं वजन विचारायची त्यांची छाती झाली नाही, म्हणून तिसऱ्या पोत्यात अंदाजानं दोन पायल्या जास्त टाकल्या. पोती घालून मोटार नाल्यापर्यंत नेली, आत उतरवली, वर काढली. पोट कुठंही घासलं नाही. "सध्या त् बरी दिसून राह्यली," ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून याहून मोठी ग्वाही मिळणार नव्हती.

निघायच्या दिवशी सकाळी मला आणून मोटारीत निजवलं. खांदा लागला नाही, पाय उचलून नुसता आत ठेवला. क्षणभर वाटलं, पोचेन मी. मग माझ्या पायाशी सासूबाई बसल्या. त्यांच्यामागून आत्याबाई, सासऱ्यांच्या बहीण. मग सुईण. पुढं यांच्या शेजारी मामाजी, आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून चुलत दीर. मागं बाळंतिणीचं अंथरूण, पितळी घंगाळ, डिंक-खारकांची टोपली. घरची सून दवाखान्यात जातेय म्हटल्यावर मागं राहायला कोण तयार होणार? मागं राहिलेल्याला गावानं काय म्हटलं असतं? कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. मोटार मात्र खाली बसत गेली, आणि मला ते पाठीला कळत होतं.

गावाबाहेरच्या पहिल्याच उतारावर खालून खर्र आवाज आला. पुढं तो मोठा नाला होता. मी पोटावर दोन्ही हात धरले आणि बाळाशी बोलायला लागले, थांब रे, थांब रे, एवढंच.

नाल्यापाशी भेवमिस्त्री उभे होते. पहाटेच सायकलवर निघून आले होते. पाण्यात उतरून त्यांनी वाटेतले गोटे उचलून बाजूला टाकले होते, गुडघ्यापर्यंत भिजलेले होते. मोटार जवळ आली तसा त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी जमिनीला पोट टेकत आलेली ती मोटार पाहिली, आतली माणसं मोजली आणि दोन्ही हात पसरून रस्त्यात उभे राहिले.

"उतरा. बाई आन् भाऊ सोडून सगळे उतरा."

"पान्यातून चालत जाऊ का आमी?" सासूबाई कडाडल्या.

"चालत जा. नाई त् मी इथून हालत नाई."

दिवसाला दहादा भिणारा तो माणूस मामाजींच्या मोटारीसमोर तसा उभा राहील असं कोणाला वाटलं नसतं. आधी मामाजी उतरले. मग सगळे. मोटारीचं पोट वर आलं, पुन्हा एक वीत आणि चार बोटं. मिस्त्री पाण्यात उलटं चालत, एकेका चाकाला हातानं वाट दाखवत पुढं झाले. "डाव्या हातानं घ्या. थांबा. आता सोडा. हळू, बाप्पा, हळू." जिथं माझं पहिलं बाळ गेलं त्या उतारावर मी डोळे मिटले. गाडी कलली नाही. आदळलीही नाही. नुसती पाळण्यासारखी हलली आणि पलीकडं चढली.

काठावर मिस्त्री मटकन खाली बसले. मामाजींना म्हणाले, "चूक माही हाये, काकाजी. तिघं सांगतले आन् मी तिघं धरले. आपल्याइकडं बाई दवाखान्यात तिघांत कवा गेली?" मग त्यांनीच उमरखेडच्या बसला हात करून बाकीच्यांना बसवून दिलं.

मुलगी झाली. वेळेआधी, पण जिवंत, आणि आवाज असा की डॉक्टरीणबाई हसल्या. आम्ही परत आलो तोवर मिस्त्रींनी कमानींत एकेक पट्टी वाढवायची तयारी ठेवली होती. "आता सात जन धरतो," म्हणाले.

लेक तीन महिन्यांची झाल्यावर एका दुपारी मी तिला घेऊन त्यांच्या वस्तीत गेले. कोणाला न सांगता. मिस्त्रींनी साबणानं दोनदा हात धुतले तरी ते तिला घेईनात. "माह्याच्यानं नाई होत, बाई. पडली त्?" मी सरळ त्यांच्या मांडीवर ठेवली. ते श्वास धरून बसले, जणू हलले तर ती फुटेल. त्यांच्या बायकोनं चहा केला. मी प्यायले. घरी आले तर सासूबाईंनी विचारलं, "कुठं गेलती वं एवढ्या उनात?" मी म्हणाले, "देवळात." त्यानंतर मी पुष्कळदा त्या देवळात गेले.

लेक दीड वर्षाची असताना मिस्त्रींना नागपूरला मोटारी दुरुस्तीच्या कारखान्यात काम मिळालं. निरोप घ्यायला ते आमच्या पायरीपाशी आले. सासूबाई दारातच बसल्या होत्या, लेक त्यांच्याजवळ खेळत होती. परकं माणूस पाहिलं की किंचाळणारी ती पोर मिस्त्रींना पाहताच उठली आणि दोन्ही हात वर करून त्यांच्याकडं धावली. त्यांनी तिला उचललं, आता सवयीनं उचललं, आणि तिनं त्यांची मिशी धरली.

सासूबाईंनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "कोनाकडं जात नाई हे पोरगी," त्या म्हणाल्या. "तुले कुठं पाह्यलं तिनं?"

मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या चेहऱ्यावरचं भेव त्यांच्याइतकं कोण ओळखणार? त्यांनी लेकीला अलगद खाली ठेवलं.

"पोटात होती तवाची वळख हाये, आजी," ते म्हणाले, चपला घातल्या आणि निघाले.

मी पायरीवर उभी होते. त्यांच्यामागं निघालेल्या लेकीचा हात मी धरून ठेवला.