नातवाचा नमुना

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ताईंना एकोणीस वर्षं झाली होती. मोठ्या डॉक्टरांपासून सफाईवाल्यांपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणत. लहान मुलांच्या वॉर्डातून नाकातल्या स्रावाच्या नळ्या यायच्या. कुठल्या विषाणूने बाळाला धाप लागलीय, हे ताई शोधून द्यायच्या. चिठ्ठीवरचं नाव दोनदा मोठ्याने वाचल्याशिवाय त्या नळी उघडत नसत. बरोबरीचे म्हणायचे, ताई हजेरी घेतायत.

त्या सकाळी एक नाव त्यांनी एकदाच वाचलं. ते त्यांच्या साडेतीन महिन्यांच्या नातवाचं होतं.

काल संध्याकाळपर्यंत नुसती सर्दी होती. सकाळी लेकीचा फोन आला, की बाळ दूध ओढत नाही, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगे पडतायत. डॉक्टरांनी तपासून ब्रॉन्किओलायटिस सांगितला, म्हणजे फुप्फुसातल्या अगदी बारीक नळ्यांना सूज, आणि इमर्जन्सीतच लगेच ऑक्सिजन लावला. लॅबमधली दुसरी टेक्निशियन रजेवर होती, त्यामुळे तपासणी ताईंच्याच हातात आली.

अडचण जागेची होती. वॉर्डात एकच खाट रिकामी, तीही आरएसव्ही विषाणू निघालेल्या बाळांच्या खोलीत. त्या दिवसांत बहुतेक बाळांना आरएसव्हीच निघत होता. सिस्टरांनी दोनदा विचारलं, हलवू का त्याला तिकडे?

दोन तासांनी निकाल आला. यंत्राच्या पडद्यावर आरएसव्हीची रेषा जराशी वर चढली होती. पण ताडून पाहायला ठेवलेल्या ज्या कोऱ्या नळीत काहीच निघायला नको, तिच्यातही ती चढली होती. म्हणजे कुठेतरी एखादा थेंब उडाला होता आणि निकालावर विसंबता येत नव्हतं.

नुसतं हो म्हटलं असतं तर नातवाला तेव्हाच खाट मिळाली असती. लेकीचे चार फोन येऊन गेले होते. ताईंनी डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, पहिला निकाल धरू नका. माझ्या हातून चूक झालीय. मला अजून दोन तास द्या."

"ताई, तोवर ती खाट राहील असं मी सांगू शकत नाही."

"त्याला आरएसव्ही नसेल, तर त्या खोलीत गेल्यावर होईल."

डॉक्टर म्हणाले, तोवर इमर्जन्सीतच ठेवतो, सिलिंडरवर.

ताईंनी टेबल पुसून काढलं, हातमोजे बदलले, नवीन नळ्या घेतल्या आणि सगळं पहिल्यापासून केलं. बाहेरच्या टेबलावर ठेवलेला चहा तसाच गार झाला. दुसऱ्या निकालात आरएसव्ही नव्हता. ऱ्हायनोव्हायरस होता.

त्यांना हायसं वाटलं ते जेमतेम मिनिटभर. ऱ्हायनोव्हायरस म्हणजे मोठ्यांची साधी सर्दी. गेल्या आठवड्यात आपलंच नाक वाहत होतं; धुळीच्या शिंका आहेत म्हणून त्यांनी ते उडवून लावलं होतं आणि बाळाला तासभर खांद्यावर थोपटलं होतं.

संध्याकाळी वॉर्डातल्या वेगळ्या कोपऱ्यातली एक खाट रिकामी झाली; ती बाळाला मिळाल्यावर त्यांनी लेकीला ते सांगून टाकलं. डॉक्टर मध्ये पडले. कुणाकडून आलं हे आता कळायला मार्ग नाही, म्हणाले. लेकीची नजर मॉनिटरवरून हलली नाही.

"आई, सर्दी आहे हे सांगायचं होतंस मला."



तिसऱ्या दिवशी बाळाची धाप वाढली. मिनिटाला सत्तर श्वास. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. नाक साफ ठेवायचं, ऑक्सिजन द्यायचा, नाकातल्या नळीने दूध घालायचं आणि वाट बघायची. सिस्टर श्वास मोजायच्या, तेव्हा काचेबाहेर उभ्या असलेल्या ताईही ओठातल्या ओठात मोजायच्या. लेक त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती.

पाचव्या दिवशी आकडा पन्नासच्या खाली आला. सातव्या दिवशी बाळाने स्वतःहून दूध ओढलं आणि रडून वॉर्ड डोक्यावर घेतला. घरी सोडायच्या दिवशी लेकीला औषधांची चिठ्ठी घ्यायला खाली जायचं होतं. ती बाळाला घेऊन दाराशी आली.

"हात धुऊन ये. मास्क लाव," ती म्हणाली, "मग घे याला."

ताई बेसिनकडे जवळजवळ धावतच गेल्या.