दुखायची थांबलेली दाढ

आमच्या भागात कुणाची दाढ ठणकायला लागली की तो माणूस आधी आमच्या घरी यायचा आणि मग डॉक्टरकडे जायचा. कारण माझी नणंद. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, लग्न केलं नाही, आमच्याबरोबरच राहतात. अख्खी गल्ली त्यांना दातवाली ताई म्हणते. चौकातल्या दातांच्या दवाखान्यात ताई मदतनीस होत्या. अवजारं उकळायची, सिमेंट कालवायचं, डॉक्टर दात कोरत असताना पेशंटच्या तोंडातलं पाणी ओढणारी नळी धरायची, हे त्यांचं काम. डॉक्टरांच्या डोक्यावर भरपूर केस होते तेव्हापासून त्या तिथे होत्या.

त्या कुणाला औषध सांगत नसत. फक्त विचारत. गार पाणी लागलं की कळ येते? लगेच जाते की रेंगाळते? आडवं झाल्यावर जास्त ठणकतं? चावताना दुखतं? कळ आली आणि लगेच गेली तर म्हणायच्या, "कीड अजून वरवर असेल, नुसतं भरून भागेल, उद्याच दाखवा." कळ रेंगाळत असेल तर म्हणायच्या, "नसेपर्यंत गेलेली दिसतेय, रूट कॅनलची तयारी ठेवा." आणि कुणी खुशीत येऊन सांगितलं, "ताई, आठवडाभर जीव खाल्ला, पण आता आपोआप थांबलं बघा," की ताईंचा चेहरा पडायचा. "अहो, नस मेली असेल. आता ती आत सडेल आणि तुम्हाला कळवणारही नाही. आजच चला." मी म्हणायचे, ताई, दुखलं तरी तुमची बोलणी, नाही दुखलं तरी तुमची बोलणी, माणसाने दात ठेवावेत तरी कुठे? त्या हसायच्या आणि चप्पल घालून त्या माणसाबरोबर निघायच्या.

सगळ्यात जास्त त्यांचं डोकं फिरायचं ते अर्धवट कामावर. दाढ उघडून आतली नस काढली की डॉक्टर वरून कच्चं सिमेंट लावून देतात आणि पुढच्या आठवड्यात बोलावतात. दुखणं तर गेलेलं असतं, मग येतंय कोण? गरज सरो, वैद्य मरो. ताई खुर्चीतून उठणाऱ्या प्रत्येकाला बजावायच्या, "हे कच्चं आहे. त्या बाजूने चावू नका, कडक काही फोडू नका. दुखलं नाही तरी या. पक्कं भरून वर कॅप बसेपर्यंत ती दाढ तुमची नाही." आणि नाहीच आला तर त्याच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. एका बसड्रायव्हरला त्यांनी भर स्टॉपवर खाली उतरवून तारीख दिली होती. लोक कुरकुरायचे, पण यायचे. डॉक्टरच्या हाताला यश होतं म्हणतात, ते असेलही. पण खुर्ची भरलेली असायची ती ताईंच्या जिभेवर. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलं की त्यांना आवडायचं नाही. "डॉक्टर आहेत म्हणून मी आहे," म्हणायच्या.

पूर्वी मीसुद्धा त्या डॉक्टरला अहो-जाहो करायचे. आता करत नाही.

मागच्या उन्हाळ्यात ताईंचीच खालची दाढ ठणकायला लागली. एका दुपारी पेशंट संपल्यावर त्याने ती उघडली, नस काढली, कच्चं सिमेंट लावलं आणि म्हणाला, "बाकीचं पुढच्या आठवड्यात. तुम्ही काय, घरच्याच." त्या पुढच्या आठवड्यात खुर्ची रिकामी नव्हती. त्याच्या पुढच्यातही नव्हती. सिमेंट उडालं की तो दोन मिनिटांत नवं लावून द्यायचा आणि पुन्हा तेच, "पुढच्या आठवड्यात नक्की." मी म्हटलं, ताई, हे काय चाललंय? दुसऱ्याच्या दाढेसाठी बस थांबवता आणि स्वतःची उघडी घेऊन हिंडता? दिव्याखाली अंधार तो हाच. तर म्हणे, "अगं, बाहेरची माणसं ताटकळत असताना मी खुर्चीत कशी बसू? आणि ते आहेत की, पळून जातायत का कुठे?" एका बाजूने चावत त्यांनी पावसाळा काढला. ती दाढ वाचावी एवढंच त्यांना हवं होतं. मागची एक आधीच गेली होती, आणि ही गेली तर त्या बाजूला चावायला काही उरणार नव्हतं.

एका सोमवारी सकाळी त्या नेहमीसारख्या दवाखाना उघडायला गेल्या, तर किल्ली लागेना. कुलूपच वेगळं होतं. त्यांना वाटलं, जुनं बिघडलं असेल. शेजारच्या चपलांच्या दुकानदाराने त्यांना तसं खटपट करताना पाहिलं आणि तो चमकला. म्हणाला, "ताई, तुम्ही इथे कशा? डॉक्टरांनी जागा विकली ना. काल सामानही गेलं, मुलाच्या शहरात जाणार म्हणत होते. बोलणी तर उन्हाळ्यापासून चालली होती. मला वाटलं, तुम्हाला कधीच सांगितलं असेल."

उन्हाळ्यापासून. म्हणजे "पुढच्या आठवड्यात नक्की" म्हणताना त्याला ठाऊक होतं. ताईंच्या दाढेचं एक वेळ सोडा. पण शनिवारपर्यंत तो नव्या दाढा उघडत होता, आणि ताई प्रत्येकाला बजावत होत्या, दुखलं नाही तरी या, आम्ही आहोत. खोटं त्याचं आणि ते वदवलं ताईंच्या तोंडून. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. त्या घरी आल्या, पाणी प्यायल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. जेवायला उठवलं तर उठल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मात्र दवाखान्याच्या वेळेला जाऊन बंद शटरसमोर उभ्या राहिल्या. मी ओरडले, तुमचा काय संबंध आता? म्हणाल्या, "आज त्या शाळेतल्या बाईंची तारीख आहे. मी बोलावलंय त्यांना." त्याआधी त्या पलीकडच्या रस्त्यावरच्या दातांच्या मॅडमना जाऊन भेटल्या होत्या आणि अर्धवट राहिलेल्यांची कामं घ्या म्हणून गळ घालून आल्या होत्या. मॅडम भल्या होत्या, हो म्हणाल्या. मग शटरसमोर उभं राहून ताई येणाऱ्या प्रत्येकाला तिकडे धाडायच्या.

लोकांनी आभार मानले असं वाटतं का तुम्हाला? शाळेतल्या बाई म्हणाल्या, "इतकी वर्षं तिथे आहात आणि तुम्हाला माहीत नव्हतं? आम्ही काय दूधखुळे आहोत?" एक आजोबा काठी टेकत आले, तोंडातलं उडालेलं सिमेंट त्यांनी रुमालात बांधून आणलं होतं. ते एवढंच म्हणाले, "तुम्ही म्हणालात म्हणून दाढ उघडू दिली, ताई." आणि त्या बसड्रायव्हरने सगळ्यांसमोर विचारलं, नव्या मॅडमनी तुम्हाला पेशंटमागे किती कबूल केलेत? ताई तरी प्रत्येकाला मॅडमचा पत्ता सांगत राहिल्या. मी असते तर चांगलं सुनावलं असतं.

डॉक्टरला फोन मीच करायला लावला. किती दिवस उचलतच नव्हता. एकदा उचलला. ताईंनी आवाज मोठा ठेवला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं. आधी त्याने ताईंच्या तब्येतीची चौकशी केली. मग ताईंनी सरळ विचारलं, "मला का नाही सांगितलं, डॉक्टर?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पेशंटना सांगितलं असतं," तो म्हणाला. रागाने नाही, समजावत म्हणाला. "मग शेवटचे महिने खुर्ची रिकामी राहिली असती. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, ताई. हे तर मी पहिल्यापासून बघतोय."

ताई म्हणाल्या, "हो, सांगितलं असतं," आणि त्यांनीच फोन ठेवला. मी म्हटलं, गावभर करते याचं नाव. तर म्हणाल्या, "नको गं. आपलेच दात अन् आपलेच ओठ." मला इतका संताप आला. अजून तो माणूस यांचा आपलाच होता.

त्यांची स्वतःची दाढ मात्र या सगळ्यात तशीच राहिली. मॅडमकडे बाकीच्यांच्या रांगेत मध्ये कशाला शिरू, आधी त्यांचं होऊ दे, हे यांचं म्हणणं. आणि खरं सांगू, त्यांचा खुर्चीवरचाच विश्वास उडाला होता. दुखत नव्हतं. दुखणार कशी, नस तर काढलेली. पुढे एका सकाळी जेवताना साधा घास चावला आणि कट्कन आवाज झाला. दुपारपर्यंत गाल टम्म सुजला. मी त्यांना हाताला धरून मॅडमकडे नेलं.

मॅडमनी दाढेचा एक्स-रे फोटो काढला, तो दिव्यासमोर धरला आणि बराच वेळ पाहिला. दाढ मुळापर्यंत उभी चिरली होती. वाचवता येणार नाही, काढावी लागेल, म्हणाल्या. मॅडमना ताई माहीत होत्या त्या पेशंट पाठवणाऱ्या बाई म्हणून. त्यांच्या तोंडात काय आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. मॅडम चिडल्या. चिडणाऱ्या डॉक्टरचा मला राग येत नाही, त्यांना दाताची हळहळ असते.

"वेळेत कॅप बसली असती तर ही दाढ जन्मभर टिकली असती," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही लोक असंच करता. दुखायचं थांबलं की डॉक्टरकडे फिरकायचंच नाही. निदान तुम्हाला तरी कळायला हवं होतं."

मी उसळून बोलायला तोंड उघडलं. ताईंनी माझा हात दाबला. सुजलेल्या गालामुळे त्यांना नीट बोलता येत नव्हतं, तरी एकेक शब्द सावकाश बोलल्या.

"मी रोज जात होते त्यांच्याकडे, मॅडम. एक दिवस चुकवला नाही."

मग त्यांनी डोकं मागे टेकवलं आणि तोंड उघडलं.